कोरड्या डोळ्यांचे फोटो

डोळे कोरडे पडलेत असं ज्यांना सांगावं लागतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात डोळे टिपायचा रुमाल असतो. "मॅडम, पाण्यानं बेजार झालोय आणि तुम्ही कोरडे म्हणता होय?" हे ओपीडीत इतक्यांदा ऐकलंय की उत्तर आता आपोआप तोंडात येतं. डोळ्यावर पसरलेला अश्रूंचा पातळ थर टिकत नाही, मध्येच फाटतो, उघड्या पडलेल्या जागी चुरचुरतं आणि मग डोळा घाबरून भसाभस पाणी सोडतो. ते पाणी गालावर ओघळून जातं, थराची दुरुस्ती काही त्यानं होत नाही.

मी ऑप्टोमेट्रिस्ट. पुण्यातल्या एका नेत्ररुग्णालयात चष्म्याचे नंबर काढण्यात बरीच वर्षं गेल्यावर कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) विभागातल्या सरांनी मला एका संशोधनाच्या कामात घेतलं. अश्रूंच्या थराचे, पापण्यांतल्या ग्रंथींचे, कॉर्नियातल्या नसांचे फोटो काढणारी यंत्रं आता बरीच आली आहेत. त्याच माणसाचा फोटो काही दिवसांनी पुन्हा काढला, किंवा दुसऱ्या कोणी काढला, तर यंत्र तेच सांगतं का, एवढंच बघायचं होतं. नवं औषध नाही, नवी शस्त्रक्रिया नाही. सुरुवातीला मला हे काम जरा रटाळ वाटलं, हे खरं. एवढी महागडी यंत्रं आहेत, तीच ती गोष्ट तेच ते सांगणार, त्यात तपासायचं काय?

ज्याचा फोटो काढायचा ती वस्तू आधी समजून घ्यावी लागते. अश्रूंचा थर जाडीला साधारण २ ते ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग. त्याच्यावर तेलाचा आणखी पातळ पापुद्रा असतो, आणि तोच पाण्याला उडून जाण्यापासून वाचवतो. हे तेल पापण्यांच्या आत उभ्या रांगेत बसलेल्या ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत त्या २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्यानं १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. पापणीच्या आतल्या बाजूला येणारी रांजणवाडी पुष्कळदा यांच्यातलीच एखादी तुंबून सुजलेली असते. ग्रंथी तुंबल्या, वाळल्या की तेल कमी, तेल कमी की पाणी लवकर उडतं. कोरड्या डोळ्यांच्या कितीतरी रुग्णांचं मूळ दुखणं पाणी कमी असण्यात नसून तेल कमी असण्यात असतं.

जुन्या तपासण्या हे टिपायला अपुऱ्या पडतात. शिर्मरची पट्टी १९०३ सालची: कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि ५ मिनिटांत किती मिलिमीटर भिजली ते मोजायचं. ५ च्या खाली असेल तर पाणी कमी. पण पापणीत कागद टोचतोय म्हटल्यावर डोळा पाणी सोडणारच. दुसरी तपासणी फ्लुरोसीन नावाच्या रंगाची. नारिंगी रंगाची ओली पट्टी पापणीला टेकवायची, निळ्या उजेडात थर हिरवा चमकतो, आणि पापणी मिटून उघडल्यावर पहिला काळा ठिपका दिसेपर्यंत सेकंद मोजायचे. यातही आपण डोळ्यात बाहेरचं पाणी घालतो आणि रंगानंच थर थोडा डळमळतो. मोजायला गेलं की मोजायची गोष्टच बदलते. हात न लावता बघता आलं तर बरं, याच हट्टातून फोटो काढणारी यंत्रं पुढं आली.

संशोधनात रुग्णांचं हित बघणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी, मराठी संमतीपत्र, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अंगठा आणि त्रयस्थ साक्षीदार, हे सगळं रीतसर झालं. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

सांगण्यासारखं आहे ते प्रश्नावलीचं. फोटोच्या आधी रुग्णाची तक्रार आकड्यात बसवायची असते, आणि जगभर त्यासाठी ओएसडीआय नावाची १२ प्रश्नांची यादी वापरतात. गेल्या आठवड्यात डोळ्यांत खुपलं का, वाचताना त्रास झाला का, रात्री गाडी चालवताना, कॉम्प्युटर किंवा एटीएम वापरताना, टीव्ही बघताना, वाऱ्यात, एसीत. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण. बेरजेला २५ नं गुणायचं आणि जितक्या प्रश्नांना उत्तर मिळालं तितक्यांनी भागायचं. १०० पैकी १३ च्या पुढं गेलं की त्रास आहे असं धरतात.

आता खेडकडून आलेल्या एका मावशींना मी हे विचारतेय. वाचन? "मी अंगठेबहाद्दर, ताई." रात्री गाडी? त्या हसल्या. एटीएम मुलगा वापरतो. एसी फक्त आमच्या रुग्णालयात. नियमाप्रमाणे हे सगळं 'लागू नाही'त जातं आणि भागाकार उरलेल्या आठ प्रश्नांनी होतो. म्हणजे त्यांचं एकेक उत्तर सगळ्या बारा प्रश्नांना उत्तर देणाऱ्या आयटीतल्या मुलीच्या एकेका उत्तराच्या दीडपट जड. आणि ज्यासाठी त्या आल्या होत्या, म्हणजे सकाळी चुलीपुढं बसलं की डोळ्यांची आग होते आणि दुपारपर्यंत उघडवत नाहीत, त्याला रकानाच नाही. प्रमाणित प्रश्नावलीत आपल्या मनानं ओळ घालता येत नाही. मी ते समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं. पुढं समासात बरंच काही जमत गेलं: दुचाकीवर हेल्मेटची काच वर करून जाणं, धान्य पाखडणं, सुतारकामाचा भुसा.

मग खोली. यंत्रापेक्षा जास्त डोकं आम्ही खोलीवर घातलं. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत भिंतींना ओल येते. त्याच माणसाचा थर या दोन हवांत सारखा कसा टिकेल? म्हणून आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र भिंतीवर लावलं, प्रत्येक तपासणीआधी तापमान आणि आर्द्रता लिहायची, पंखा बंद, एसीचा झोत खुर्चीवर येणार नाही असा फिरवलेला. दुचाकीवरून थेट आलेल्या माणसाला आधी शांत बसवायचं. ड्रॉप्स घालून आलेला असेल तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलवायचं, मग तो कितीही लांबून आलेला असो. यावरून रोज कुणीतरी चिडायचं आणि त्यांचं चिडणं रास्त होतं.

काजळाचा तर स्वतंत्र अध्याय होईल. फोनवर सांगूनही बायका काजळ घालून यायच्या. काजळाचे कण अश्रूंच्या थरावर तरंगतात आणि कॅमेऱ्यात काळे ठिपके होऊन फिरतात, यंत्राला वाटतं थर तिथं फाटलाय. पुसायला गेलं तर पापणीची कड चोळली जाते आणि ग्रंथींतलं तेल बाहेर येतं. म्हणजे पुसलं तरी पंचाईत, नाही पुसलं तरी. एका आजींनी ठणकावून सांगितलं, "डोळे चांगले राहावेत म्हणूनच घालते मी, आणि तुम्ही काढा म्हणता." त्यांना पुढची तारीख दिली. त्या आल्या, काजळाशिवाय, पण नाराजीनं.

पहिला फोटो वर्तुळांचा. एका गोल तबकडीवर काळी-पांढरी वर्तुळं असतात आणि त्यांचं प्रतिबिंब कॉर्नियावर पडतं. कल्पना पोर्तुगालच्या प्लासिडोची, १८८० सालची. तेव्हा ती कॉर्नियाचा आकार बघायला वापरत. आता तीच वर्तुळं इन्फ्रारेड प्रकाशात पाडतात आणि कॅमेरा त्यांच्याकडे टक लावून बसतो. थर अखंड असेपर्यंत वर्तुळं रेखीव, फाटला की त्या जागी रेष वाकडी होते. किती सेकंदांनी आणि कुठं वाकडी झाली ते यंत्र नोंदवतं. १० सेकंदांच्या आत म्हणजे थर कमजोर.

कागदावर किती सोपं. प्रत्यक्षात फोटो म्हटल्यावर माणसं डोळे वटारतात. डोळा जितका मोठा उघडा तितका जास्त भाग हवेला लागतो आणि थर लवकर फाटतो. "डोळे मिटा" म्हटलं की काही जण गच्च मिटतात, त्या दाबानं ग्रंथींतून जास्त तेल निघतं आणि आकडा एकदम सुधारतो. पापणीचे केस आणि नाकाची सावली वर्तुळांवर पडली तर यंत्र तिथंही थर फाटल्याचं सांगतं. त्याच डोळ्याची लागोपाठ घेतलेली मोजमापं एवढी वरखाली व्हायची की मला यंत्र बिघडलंय असं वाटायचं. शेवटी आम्ही सूचना एका कार्डावर लिहिली आणि प्रत्येकाला तीच, त्याच शब्दांत, त्याच चालीत वाचून दाखवायला लागलो: दोनदा अलगद मिटा, उघडा, समोरच्या दिव्याकडे बघत राहा, सहन होईनासं झालं की मिटा. मला सुरुवातीला त्या कार्डाची लाज वाटायची, शाळेत कविता म्हणतोय असं वाटायचं. पण कार्ड आल्यावर मोजमापं एकमेकांच्या जवळ यायला लागली.

क्रमही ठरलेला. आधी ज्यात डोळ्याला काहीच लागत नाही ते: खालच्या पापणीच्या कडेशी साठलेल्या अश्रूंच्या पट्टीची उंची, मग वर्तुळं, मग डोळ्याची लाली, मग तेलाचा थर. त्यानंतर रंग. त्यानंतर कागदाची पट्टी. पापणी उलटणं सगळ्यात शेवटी. घाईत कुणी पापणी आधी उलटली की डोळा लाल, पाणी आलेलं, आणि त्या दिवसाचं बाकी सगळं फुकट.

तेलाच्या थराचा फोटो बघायला मला अजूनही आवडतं. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोलचा थेंब पडला की जे रंग पसरतात, तेच रंग इथं दिसतात, कारणही तेच: पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. रंगावरून जाडी काढतात, नॅनोमीटरमध्ये. निरोगी माणसात ती काही दहा नॅनोमीटर असते, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रेकॉर्डिंगमध्ये पापणी पूर्ण मिटते की अर्धीच, तेही दिसतं. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून आलेली बरीच मुलं-मुली स्वतःचं रेकॉर्डिंग बघून चकित व्हायची. पापणी खाली येते, अर्ध्यावरून परत जाते. खालचा भाग पुसलाच जात नाही.

मायबोग्राफीत माझे सगळ्यात जास्त तास गेले. पापणी उलटून आतल्या बाजूवर इन्फ्रारेड प्रकाश टाकला की ग्रंथी काळसर पार्श्वभूमीवर पांढऱ्या उभ्या रेघांसारख्या दिसतात. पूर्वी पापणीमागे दिव्याची कांडी धरून हे करत, रुग्णाचे हाल व्हायचे. २००८ मध्ये जपानमध्ये रेइको अरिता यांनी कांडी न लावता इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं ग्रंथी बघायची पद्धत प्रसिद्ध केली आणि सोबत मोजायचं साधं मापही दिलं: काहीच गेलं नसेल तर ०, एक-तृतीयांशापेक्षा कमी भाग गेला असेल तर १, दोन-तृतीयांशापर्यंत २, त्यापुढं ३.

या तपासणीत अर्धं काम हाताचं. वरची पापणी पुरती उलटली नाही तर ग्रंथींची मुळाकडची टोकं दिसतच नाहीत आणि फोटोत त्या आखूड झाल्यासारख्या वाटतात. नाकाकडचा कोपरा फोकसच्या बाहेर जातो. ओल्या पृष्ठभागावर उजेड परतून पांढरा डाग पडतो आणि तो ग्रंथीसारखा दिसतो. खालची पापणी तर बोटानं ओढावी तेवढी कमीच. सर म्हणायचे, "पापणी उलटायला शिकायला एक दुपार लागते, तीच पापणी दोनदा सारखी उलटायला फार दिवस लागतात." ते शब्दशः खरं निघालं.

आणि फोटो चांगला आला तरी गुण कोण देणार? आमच्याकडे पुढचं प्रशिक्षण घेणाऱ्या फेलो डॉक्टर आणि मी, दोघी वेगवेगळ्या खोल्यांत बसून त्याच फोटोंना गुण द्यायचो. नाव झाकलेलं, तक्रार झाकलेली, फक्त सांकेतिक क्रमांक. ० आणि ३ वर आमचं कधी वाजलं नाही. भांडण सगळं १ आणि २ च्या मधलं. एक-तृतीयांश गेलं की थोडं कमी गेलं, हे नजरेनं ठरवायचं. त्यात काही ग्रंथी इतक्या फिकट असतात की आहेत म्हणावं तरी पंचाईत. त्या धरायच्या की गेलेल्या मानायच्या? नियम लिहून काढला, मग नियमातल्या पळवाटा निघाल्या, मग नियमाला पोटनियम. काही आठवड्यांनी तेच फोटो क्रम बदलून पुन्हा माझ्यापुढं आले. मी आधी काय दिलं होतं ते मला माहीत नव्हतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा मधल्या गटातल्या काही फोटोंवर माझं माझ्याशीच एकमत नव्हतं. संख्याशास्त्राच्या मॅडमना याचं काही वाटलं नाही. योगायोगानं जुळणारं वजा करून उरतं ते एकमत मोजायला त्यांच्याकडे कप्पा नावाचा आकडा असतो, तो त्यांनी शांतपणे काढला. मी मात्र त्या दिवशी ओपीडीतल्या एका रिपोर्टवरचा 'ग्रेड २' नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत बसले.

शेवटचं यंत्र कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक, तेही वेगळ्या दिवशी. यात मात्र हात न लावण्याचा प्रश्न नाही. भूल देणारे थेंब, जेल, आणि कॅमेऱ्याची टोपी सरळ कॉर्नियाला टेकवायची. रुग्ण घाबरतात, आणि मला विचाराल तर घाबरावं असंच ते दिसतं. पण आत जे दिसतं ते दुसऱ्या कुठल्या यंत्रात दिसत नाही: कॉर्नियातल्या नसांच्या चमकत्या रेघा, आणि दाह असेल तर फांद्या फुटलेल्या पेशी, डेंड्रिटिक सेल्स. अडचण एकच, खिडकी फार छोटी. एक फोटो ४०० बाय ४०० मायक्रॉनचा. अख्ख्या कॉर्नियाच्या सहाशेव्या भागापेक्षाही कमी. श्वास हलला की जागा बदलते. एका डोळ्याचे ढीगभर फोटो निघतात आणि त्यातले मोजके मोजणीसाठी निवडायचे असतात. हात साहजिकच सुंदर फोटोकडे जातो, जिथं नसा लांब आणि स्पष्ट आहेत. तेच निवडले तर सगळे रुग्ण ठणठणीत निघतील. म्हणून निवडही जिनं फोटो काढले नाहीत तिनंच करायची, असं ठरलं.

हे सगळं रचून झाल्यावर जे समोर आलं त्याची कल्पना पुस्तकानं दिली होती, पण प्रत्यक्ष बघणं वेगळं. मधुमेह असलेले एक काका, बायकोला सोबत म्हणून आले होते आणि सहज सहभागी झाले. तक्रार शून्य. वर्तुळं दोन-तीन सेकंदांत वाकडी, रंग घातल्यावर कॉर्निया ठिपक्यांनी भरलेला. जुन्या मधुमेहात कॉर्नियाच्या नसा बधिर होतात, खुपायला हवं ते खुपतच नाही. आणि दुसरीकडे एक तरुण शिक्षिका, प्रश्नावलीत जवळपास प्रत्येक उत्तराला ४, रात्री झोप नाही, रजा संपत आलेल्या. तिचे ग्रंथींचे फोटो पाठ्यपुस्तकात छापावेत असे, थर टिकणारा, रंग घातल्यावरही कॉर्निया स्वच्छ. ड्यूज या कोरड्या डोळ्यांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या अहवालाच्या २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीनं कोरड्या डोळ्यांची जी व्याख्या केली तिच्यात तक्रार असणं हाही एक भाग आहे. त्या हिशेबानं काका या आजारात बसत नाहीत, त्यांची नस तपासायची. आणि शिक्षिकेचाही विचार नसांच्या वेदनेच्या बाजूनं करायचा. ती माझ्याकडे बघून म्हणाली होती, "म्हणजे फोटोत काही नाही, म्हणजे मी नाटक करतेय का?" घरी, शाळेत सगळ्यांनी तिला हेच ऐकवलं होतं. सरांनी तिला खूप वेळ दिला. डोळ्याचा पृष्ठभाग नीट असूनही नस दुखू शकते, तिच्यावरचे उपचार वेगळे असतात, आणि ड्रॉप्सच्या बाटल्या बदलत राहण्यात आता अर्थ नाही, हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं असावं.

आता ग्रंथी आपोआप मोजणारी सॉफ्टवेअर येतायत, यंत्रासोबतच मिळतात. आम्हीही एक वापरून बघितलं. ते थकत नाही आणि तोच फोटो दिला तर तोच आकडा देतं, हे मोठंच. पण अर्धवट उलटलेल्या पापणीचा फोटो दिला तर तेवढ्याच आत्मविश्वासानं ग्रंथी गेल्याचं सांगतं. एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरच्या आकड्याशी ताडता येत नाही, हेही रुग्णांना समजावताना नाकी नऊ येतात. थर एका ठिकाणी ९ सेकंद टिकला, दुसऱ्या ठिकाणी १३. सुधारलं का? तेवढ्यावरून सांगता येत नाही, आधी यंत्र तेच होतं का ते सांगा.

माहिती गोळा करणं संपलं, आकडे संख्याशास्त्राच्या मॅडमकडे गेले. माझ्या समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी सरांनी एकदा चाळल्या आणि पुढच्या टप्प्यासाठी एक वेगळं पान करायला सांगितलं: चूल, दुचाकी, भुसा आणि धूळ, काजळ. ते मूळ प्रश्नावलीला जोडायचं नाही, तिचे गुण तसेच राहतील. एथिक्स कमिटीनं ते पान मराठीत दोनदा दुरुस्त करायला लावलं. 'काजळ घालता का' च्या खाली 'रोज', 'सणावारी', 'कधीच नाही' असे तीन चौकोन होते. कमिटीतल्या एका बाईंनी चौथा घालायला सांगितला: 'तपासणीच्या दिवशी घातलं आहे'.